विश्लेषण : विमान एकदा घ्यायचे, सांभाळायचे चाळीस वर्षे… हवाई दलाच्या रोजच्या खर्चाचे गणित काय?

ब्रिटनचे एफ-३५बी विमान १४ जून २०२५ रोजी तिरुवनंतपुरमच्या विमानतळावर आपत्कालीन परिस्थितीत उतरले. इंधन कमी होते आणि हवामान खराब. इंधन भरून ते ‘एचएमएस प्रिन्स ऑफ वेल्स’ या विमानवाहू नौकेवर परतणार, एवढाच विषय होता. पण उड्डाणापूर्वीच्या तपासणीत हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड सापडला आणि जगातील सर्वांत महागड्या लढाऊ विमानांपैकी एक पाच आठवडे केरळमध्ये अडकून पडले. केरळ पर्यटन विभागाने त्यावर गमतीची जाहिरात केली, समाजमाध्यमांवर विनोदांचा पूर आला. अखेर ब्रिटनहून तंत्रज्ञांचे पथक आणि साहित्य आणावे लागले, तेव्हा २२ जुलै रोजी विमान उडाले.

विनोद बाजूला ठेवले तर हे पाच आठवडे कोणत्याही हवाई दलाच्या हिशोबातील सर्वांत दुर्लक्षित रकान्याची आठवण करून देतात. भारतात सध्या चर्चा आहे ती विमानांच्या संख्येची. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले आणि लढाऊ विमानांच्या मंजूर ४२ स्क्वॉड्रनपैकी २९ उरल्या. त्याच्या आदल्याच दिवशी ९७ तेजस मार्क-१ए विमानांचा ६२,३७० कोटी रुपयांचा करार झाला. ‘किती विमाने आहेत’ हा प्रश्न सगळेच विचारतात. ‘त्यातली उद्या सकाळी किती उडतील’ या प्रश्नाचे उत्तर मात्र खरेदीच्या तरतुदीत नसते. ते महसुली खर्चात असते.

भांडवली आणि महसुली खर्चात फरक काय?

संरक्षण मंत्रालयाचा अर्थसंकल्प संसदेपुढे चार मागण्यांत येतो. मंत्रालयाचा नागरी खर्च, तिन्ही दलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. नवी विमाने, क्षेपणास्त्रे, रडार भांडवली बाजूला जातात. वेतन, विमानाचे इंधन, सुटे भाग, टायर, वंगण, दुरुस्ती, धावपट्टीची डागडुजी, वाहतूक, शिधा हे सारे महसुली बाजूला. हवाई दलाचा हा खर्च २०७८ या लेखाशीर्षाखाली दिसतो.

रेषा मात्र वाटते तितकी सरळ नाही. दहा लाख रुपयांहून अधिक किमतीची आणि सात वर्षांहून अधिक आयुष्य असलेली वस्तू भांडवली, असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे काही देखभालही खरेदीच्या रूपात येते. सप्टेंबर २०२४ मध्ये सुखोई-३० एमकेआयसाठी २४० एएल-३१एफपी इंजिने २६ हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीला घेण्याचा करार हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी (एचएएल) झाला. ही इंजिने नव्या विमानांसाठी नाहीत. आहे तोच ताफा उडता राहावा, यासाठी आहेत. ओडिशातील कोरापुट येथून ती आठ वर्षांत मिळणार आहेत. एका इंजिनाचा हिशोब शंभर कोटींच्या पुढे जातो आणि सुखोईला इंजिने दोन लागतात.

आकडे काय सांगतात?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये आहेत. त्यातील १.८० लाख कोटी भांडवली खर्चाचे, १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनाचे आणि ३.१२ लाख कोटी तिन्ही दलांच्या महसुली खर्चाचे. बातम्यांचे मथळे बहुधा पहिल्या आकड्यावर थांबतात. महसुली खर्चाच्या ३.१२ लाख कोटींतून वेतन वगळले, की इंधन, शिधा, दारूगोळा, सुटे भाग आणि दुरुस्ती यांसाठी उरतात १,१४,४१५ कोटी. म्हणजे जेमतेम ३७ टक्के.

हवाई दलाच्या वाट्याला महसुली बाजूने ५३,७०० कोटी आले. आदल्या वर्षी मूळ तरतूद ४६,२२३ कोटी होती, म्हणजे वाढ सुमारे १६ टक्क्यांची. त्याच अर्थसंकल्पात तिन्ही दलांची विमाने आणि इंजिने खरेदी करण्यासाठीची तरतूद ४८,६१४ कोटींची होती. आहे ते हवाई दल वर्षभर चालवायला लागणारा पैसा नव्या विमानांच्या पैशापेक्षा अधिक आहे, ही गोष्ट फारशी बोलली जात नाही.

यातील खरी कथा २०२२-२३ ची आहे. त्या वर्षी तिन्ही दलांच्या वेतनेतर महसुली खर्चासाठी ६२,४३१ कोटी ठेवले गेले. ते पुरले नाहीत. सुधारित अंदाजात त्यात सुमारे २६ हजार कोटींची, म्हणजे मूळ तरतुदीच्या ४२ टक्क्यांची भर घालावी लागली. पुढच्या वर्षी ही तरतूद थेट ९० हजार कोटींवर गेली आणि हवाई दलाची महसुली तरतूद ३२,८७३ कोटींवरून ४४,३४५ कोटींवर. एका वर्षात एवढी उडी पडते, तेव्हा आधीची तरतूद गरजेपेक्षा कमी होती असाच अर्थ निघतो. वर्षाच्या अखेरीस मिळालेला पैसा थकलेली बिले भागवायला उपयोगी पडतो. जुलैमध्ये हवा असलेला भाग त्याने जुलैमध्ये येत नाही.

सुखोईचे उदाहरण महत्त्वाचे का?

कारण हा हवाई दलाचा कणा आहे आणि त्याचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला. रशियाकडून थेट आलेली ५० विमाने सोडली, तर २२२ सुखोई एचएएलने नाशिकजवळच्या ओझर येथे बांधली. हवाई दलात या विमानाचा प्रवेश २००२ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर झाला. आज ताफा साधारण २६० विमानांचा आहे.

महालेखापरीक्षकांच्या (कॅग) २०१५ च्या अहवालात या ताफ्याची उपलब्धता ५५ ते ६० टक्के असल्याचे नमूद आहे. अपेक्षा ७५ टक्क्यांची होती. मनोहर पर्रिकर संरक्षणमंत्री झाले, तेव्हा त्यांनी नेमका हाच आकडा हाती घेतला आणि तो ७५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. इंजिनांतील बिघाडांची माहितीही त्यांनी सार्वजनिक केली. बेअरिंगची झीज होऊन वंगणात धातूचे कण येत होते आणि त्यामुळे इंजिने ठरलेल्या एक हजार तासांच्या बरीच आधी उतरवावी लागत होती. अभियंता असलेल्या मंत्र्याने नव्या विमानांआधी जुन्या विमानांच्या बेअरिंगबद्दल बोलावे, हे दिल्लीत तसे विरळाच.

आता साधे गणित. २६० विमानांची उपलब्धता ६० टक्के असेल तर १५६ विमाने हाताशी असतात. ७५ टक्के झाली तर १९५. फरक ३९ विमानांचा. एका स्क्वॉड्रनमध्ये १६ ते १८ विमाने धरली, तर दोन स्क्वॉड्रन झाल्या. त्यासाठी एकही नवे विमान घ्यावे लागत नाही, नवा वैमानिक नको की नवा तळ नको. लागतात ते वेळेवर आलेले सुटे भाग, चाचणीची उपकरणे आणि कुशल हात. नव्या विमानासाठी करारापासून पहिल्या स्क्वॉड्रनपर्यंत अनेक वर्षे जातात. देखभालीचा परिणाम वर्ष-दोन वर्षांत दिसू शकतो.

सुखोई हा अपवाद नव्हता. हवेत इंधन भरणाऱ्या आयएल-७८ विमानांची सरासरी उपलब्धता २०१० ते २०१६ या काळात ४९ टक्के होती, अपेक्षित ७० टक्के. गोव्यातील ‘आयएनएस हंसा’वर असलेल्या मिग-२९के या विमानांची तर १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान, ती नौदलाची विमाने आहेत, पण दुखणे तेच. हे दोन्ही आकडेही कॅगच्याच अहवालांतले. एरवी अशी टक्केवारी क्वचितच बाहेर येते. शत्रूला ती कळू नये हे समजण्यासारखे आहे, मात्र त्यामुळे कमी तरतुदीची किंमतही जनतेला दिसत नाही.

पैसा मंजूर होऊनही विमान जमिनीवर का राहते?

पहिले कारण म्हणजे दोन घड्याळांची विसंगती. अर्थसंकल्पाचे घड्याळ १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला थांबते. न वापरलेला निधी परत जातो. विमानाचे घड्याळ उड्डाणाच्या तासांवर चालते. सुखोईचे पहिले मोठे ओव्हरहॉल साधारण १५०० तासांनंतर येते. त्यासाठी लागणारा एखादा पंप वा व्हॉल्व्ह परदेशातून मागवायचा, तर मागणी एका आर्थिक वर्षात नोंदवायची आणि भाग हाती येणार पुढच्या किंवा त्यापुढच्या वर्षी. म्हणजे आज जी विमाने उभी आहेत, त्यांचे कारण अनेकदा दोन वर्षांपूर्वीच्या तरतुदीत असते. हवाई तळांच्या भाषेत अशा विमानाला ‘एओजी’ म्हणतात. विमान ठीक, पण एका भागासाठी जमिनीवर. नाइलाज झाला की एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला बसवला जातो. त्याने आजचे उड्डाण होते, पण काम दुप्पट होते आणि पहिल्या विमानाची रांग लांबते.

दुसरे कारण, कात्री कुठे चालवणे सोपे हा प्रश्न. वेतन थांबवता येत नाही. परदेशी कंपनीशी झालेल्या कराराचा हप्ता चुकवता येत नाही. मग हात जातो तो सुटे भाग, इंधन आणि देशांतर्गत कंपनीच्या बिलांकडे. जानेवारी २०१९ मध्ये हे ठळकपणे समोर आले. कर्मचाऱ्यांचे पगार आणि दैनंदिन खर्च भागवण्यासाठी एचएएलला ९६२ कोटींचा ओव्हरड्राफ्ट घ्यावा लागला. डिसेंबर २०१८ अखेर कंपनीचे सुमारे १५,७०० कोटी रुपये येणे होते आणि त्यातील बहुतांश एकट्या हवाई दलाकडून. त्या वेळी वाद राफेलभोवती फिरला. पण सरकारी कंपनीला बँकेकडे हात पसरायला लावून सरकारी दलाचा हिशोब जुळवणे, हा प्रकार त्या वादापेक्षा जुना आणि अधिक घातक आहे. एचएएलने पैशाअभावी पुरवठादाराला भागांची मागणी उशिरा दिली, तर तो उशीर फिरून हवाई दलाच्याच हँगरमध्ये येतो.

इंधनाचे तसेच. सुखोईच्या अंतर्गत टाक्यांत नऊ टनांहून अधिक इंधन मावते आणि विमान इंधनाचे दर दर महिन्याला बदलतात. दर वाढले आणि तरतूद तीच राहिली, की कमी होतात ते उड्डाणाचे तास. ‘नाटो’ देशांत लढाऊ वैमानिकासाठी वर्षाला १८० तासांचे प्रमाण मानले जाते. सिम्युलेटरने काही भरून निघते, पण नऊ पट गुरुत्वबल अंगावर घेऊन मान वळवण्याचा सराव खोलीत होत नाही. म्हणून बचतीचा हा प्रकार ताळेबंदात दिसत नाही. तो वैमानिकाच्या लॉगबुकात दिसतो.

तिसरे कारण, भाग येतात कुठून. एएन-३२ या मालवाहू विमानांच्या आधुनिकीकरणासाठी २००९ मध्ये युक्रेनशी करार झाला. १०५ पैकी ४० विमाने तिकडे होऊन आली, उरलेली कानपूरच्या दुरुस्ती केंद्रात व्हायची होती. २०१४ मध्ये क्रिमियाचा संघर्ष पेटला आणि भागांचा ओघ अडला. २०२२ नंतर रशियावरील निर्बंधांमुळे पैसे पाठवण्याचा मार्गच अडचणीचा झाला. जग्वार उडवणारे भारतीय हवाई दल हे आता जगातील शेवटचे. कारखाना बंद झालेल्या विमानाचे भाग मिळवण्यासाठी फ्रान्सकडून निवृत्त जग्वारचे ३१ सांगाडे घेण्याचे २०१८ मध्ये ठरले. विमाने फुकट, आणण्याचा खर्च भारताचा. भंगारात काढलेल्या गाडीचे भाग काढून आपली गाडी चालू ठेवणाऱ्या कोणालाही हा व्यवहार लगेच समजेल.

राफेलच्या करारात वेगळे काय होते?

२०१६ मध्ये ३६ राफेलसाठी ७८७ कोटी युरो मोजले गेले, तेव्हा ‘एका विमानाची किंमत किती’ यावर प्रचंड खडाजंगी झाली. समोर आलेल्या तपशिलांनुसार निव्वळ विमानांचा वाटा निम्म्याहून कमी होता. उरलेले पैसे भारतासाठीचे बदल, शस्त्रे, सुटे भाग, तळांवरील सुविधा आणि कामगिरीवर आधारित देखभालीचे होते. या शेवटच्या कलमासाठी सुमारे ३५ कोटी युरो होते आणि त्याबदल्यात पाच वर्षे ताफ्यातील ७५ टक्के विमाने उड्डाणासाठी तयार राहतील, ही जबाबदारी कंपनीची होती. नेहमीच्या पद्धतीत भाग विकला की विक्रेत्याचे काम संपते आणि भाग जितके बिघडतील तितका त्याचा धंदा वाढतो. इथे पैसे उपलब्धतेसाठी मोजले जातात. पद्धत चांगली आहे, पण स्वस्त नाही. नौदलाच्या २४ एमएच-६०आर हेलिकॉप्टरांच्या पाच वर्षांच्या देखभालीसाठी अमेरिकेशी नोव्हेंबर २०२५ मध्ये झालेला व्यवहार सुमारे ७,९९५ कोटींचा आहे. एका हेलिकॉप्टरमागे वर्षाला ६६ कोटी. शिवाय कंपनीच सगळे सांभाळू लागली, तर आपल्या तंत्रज्ञांचे हात कशावर तयार होणार, हाही प्रश्न आहेच.

श्रीमंत देशही या हिशोबातून सुटलेले नाहीत. एफ-३५ च्या ताफ्याच्या आयुष्यभराच्या देखभालीचा अमेरिकेतील अंदाज २०१८ मध्ये १.१ लाख कोटी डॉलर होता. २०२३ पर्यंत तो १.५८ लाख कोटी डॉलरवर गेल्याचे तेथील सरकारी लेखापरीक्षण संस्थेने म्हटले आणि ही विमाने आधी ठरवल्यापेक्षा कमी तास उडवण्याचे नियोजन असल्याचेही नोंदवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी हेच विमान भारताला देण्याची भाषा केली, तेव्हा चर्चा रंगली ती खरेदी किमतीवर.

नव्या खरेदी नियमावलीने काय बदलेल?

महसुली खरेदीसाठीची ‘संरक्षण खरेदी नियमावली’ २००९ ची होती. तिची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून वर्षाला सुमारे एक लाख कोटींची खरेदी तिच्या कक्षेत येते. तीत एक छोटी तरतूद आहे, पण दुरुस्तीच्या कामात असलेल्यांना तिचे मोल कळेल. विमान वा जहाजाच्या दुरुस्तीचे काम देतानाच १५ टक्के वाढीव कामाची मुभा आधीच ठेवायची.

गॅरेजमध्ये जुनी गाडी दिली, की बॉनेट उघडल्यावर मेकॅनिक आणखी चार गोष्टी दाखवतो. विमानाचेही तसेच होते. पत्रा काढल्यावर आतली गंज दिसते, केबल तपासल्यावर तिच्या आवरणाची तड दिसते. आतापर्यंत अशा प्रत्येक जादा कामासाठी नव्याने मंजुरी घ्यावी लागे आणि अर्धे उघडलेले विमान फाइल परत येईपर्यंत हँगरमध्ये पडून राही. आता ठरावीक मर्यादेपर्यंत काम पुढे नेता येईल. अर्थात, नियमाने निर्णय वेगात होईल. भाग गोदामात नसेल तर नियम काही करू शकत नाही.

महाराष्ट्राचा संबंध कसा?

हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय नागपूरला आहे. लढाऊ विमानांची दुरुस्ती करणारा ११ बेस रिपेअर डेपो ओझरला, साहित्याचे आगार देवळालीला. या डेपोने ओव्हरहॉल केलेले पहिले सुखोई २०१८ मध्ये हवाई दलाकडे गेले. शेजारीच एचएएलचा कारखाना आहे. मिग-२१ साठी १९६४ मध्ये तो उभा राहिला, पुढे मिग-२७ आणि सुखोई त्यातून बाहेर पडले. सुखोईचे उत्पादन ओसरले, तेव्हा ओझरच्या कामगारांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या सातपूर-अंबडच्या लघुउद्योगांना आधार उरला तो ओव्हरहॉलच्या कामाचा. दिल्लीत महसुली तरतुदीला कात्री लागली, की तिचा आवाज इथे ऐकू येतो.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए ने उड्डाण केले. वर्षाला आठ विमानांची ही नवी उत्पादन साखळी आहे. दोन्ही करार मिळून हवाई दलाला अशी १८० विमाने मिळायची आहेत. इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे, त्यामुळे त्याच्या सुट्या भागांचे बिल डॉलरमध्ये येईल. खरेदीच्या रकमा करारांमुळे ठरल्या आहेत. या १८० विमानांच्या पहिल्या ओव्हरहॉलसाठीचे पैसे मात्र कोणत्याच करारात नाहीत. ते २०७८ या लेखाशीर्षाखाली दर फेब्रुवारीत नव्याने मागावे लागतील.